मावशीच्या फेरीचा भोंगा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पुष्कळ दिवस माझाही बसत नव्हता. मी एक जुना भोंगा आहे. लाल रंगाचा, पोटानं गोल, हातानं दांडा फिरवून वाजवायचा. बाहेर मावशीची फेरी चालू आहे, तोवर तुम्हाला पाण्यात जाता येणार नाही. तेव्हा टॉवेल गुंडाळून बसा आणि ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दचकून दहा मिनिटं पुढे गेलं आणि कामगारांना लवकर सुट्टी मिळाली. असा गुणी भोंगा वाया जाऊ नये म्हणून मला या टेहळणीच्या मनोऱ्यावर बसवलं.

मावशी म्हणजे इथली शार्क. तिच्या पाठीवरच्या पराला करवतीनं कापल्यासारखी खाच आहे. ती न कळवता येते आणि आली की सगळ्यांना जागा करून द्यावी लागते, म्हणून ती मावशी. पर दिसला की मी एक लांब हाळी द्यायचो. माणसं बाहेर येऊन वाळूत बसायची. मावशी खडकापासून धक्क्यापर्यंत चक्कर मारून निघून जायची. मग मी दोनदा आखूड वाजायचो, की सगळे पुन्हा पाण्यात. मला एखाद्या दिवशी उशीर झाला तर मावशी डोकं वर काढून मनोऱ्याकडे रागानं बघायची. हसू नका, खरंच बघायची!

माझा दांडा फिरवायच्या त्या टेहळणीच्या बाई. त्या बघा, दाराशी तेलाची बुधली घेऊन बसल्या आहेत. आवाज बसका, पण नजर घारीची. दर सोमवारी त्या माझ्या दांड्यात तीन थेंब तेल घालत. त्यांचे यजमान बेकरीवाले. पहाटेपासून भट्टीपुढे उभे राहून दमायचे आणि दुपारी समुद्रात उताणे तरंगत चक्क झोपायचे. कान पाण्यात, पोट आभाळाकडे.

एका दुपारी बाई हात धुवायला खाली गेल्या होत्या. पाणी माणसांनी गच्च भरलेलं. आणि मला पर दिसला! थेट बेकरीवाल्यांच्या पोटाच्या दिशेनं निघालेला. दांड्याशी कुणी नाही. मी काय केलं असेल? मी छाती भरून श्वास घेतला आणि माझा मीच वाजलो! मावशीनं दोन्ही परांनी कान झाकले. बेकरीवाले उडाले ते सरळ वाळूवर, अंगाला पाण्याचा थेंब नाही! लोकांनी मला हार घातला.

आता वर मनोऱ्यावर विजेचा भोंगा आला आहे. बटण दाबलं की वाजतो, पण त्यात जीव नाही. मला या खालच्या खोलीत ठेवलंय आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. चालायचंच. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, कारण संकटाच्या वेळी त्या आपणहून...

"थापाड्या!" दारातून बसका आवाज आला. "हार म्हणे! मुलांनो, त्या दिवशी हा हूं की चूं करत नव्हता. मी दांड्याला लोंबकळले, तरी हलेना. मग ओरडले, 'अहो! अहो, बाहेर या!' तर समुद्रातले झाडून सगळे नवरे निमूट बाहेर. कुणाचा नवरा कुणी बोलावला ते बघायला बायका बाहेर, त्यांच्यामागे पोरं बाहेर. राहिले फक्त आमचे!"

"मग?" टॉवेलांतून चार-पाच आवाज एकदम आले.

"मग काय! धावत गेले पाण्यात आणि ओढलं पायाला धरून. तर हेच किंचाळले, 'शार्क! शार्क!' मावशी लांबूनच वळून गेली. माझा आवाज बसला तो त्या दिवसापासून."

बाईंनी माझ्यावरचे टॉवेल बाजूला केले. दांड्यात तेलाचे तीन थेंब सोडले आणि बुधलीचं तोंड पुसलं.

"आणि दांडा का हलत नव्हता, ते हा कधीच सांगत नाही. तीन सोमवार तेल घालायला मी विसरले होते."