पेपरवेटांची खोली

बाबांना जाऊन महिना होत आला, तरी मागच्या खोलीचा पडदा कुणी उघडला नव्हता. जाड, दुहेरी अस्तराचा, मातकट रंगाचा तो पडदा बाबांनी मुद्दाम शिवून घेतला होता. त्याला कारण घडलं होतं. लेक शाळेत असताना एका दुपारी खिडकीतल्या पेपरवेटमधून ऊन आरपार गेलं आणि टेबलावरच्या नकाशाला नाण्याएवढं भोक पडलं. करपलेल्या कडा, धुराचा वास. बाबांनी तळहातानेच ते विझवलं. दुसरा कुणी असता तर त्याने पेपरवेट कपाटात टाकले असते. बाबांनी उन्हालाच घराबाहेर काढलं.

ते नकाशे काढायच्या कचेरीत होते. पंख्याखाली पातळ कागद उडू नयेत म्हणून कचेरीने दिलेला साधा काचेचा गोळा हा या वेडाचा मूळपुरुष. मग जुन्या बाजारातून, लिलावातून, मोडीत निघालेल्या दुकानांतून एकेक येत गेला. कुणाच्या पोटात रंगीत काचकांड्यांच्या चकत्यांची फुलं दाटीवाटीने बसलेली, कुणात एकच जांभळं फूल आणि त्याच्यावर दवासारखे बुडबुडे, कुणात वाळूवर अंग चोरून पडलेला साप. प्रत्येकाला बाबांनी नाव दिलं होतं. हजारी, दवबाई, वेटोळ्या. आई म्हणायची, "पोर एकच, पण नावं शोधणं काही संपत नाही या घरात."

लेकीला ती खोली जशीच्या तशी हवी होती. अधूनमधून यावं, बाबा धुवायचे तसे एकेक गोळा कोमट पाण्यात धुवावा, मऊ फडक्याने टिपावा, जागेवर ठेवावा, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. आईला खोली रिकामी हवी होती.

"मला खिडकी पाहिजे," आई म्हणाली. "जन्मभर भरदिवसा दिवा लावून भाजी निवडली. आता उरले दिवस उजेडात काढू दे."

"मग गोळे पुढच्या खोलीत ठेवू."

"पुढच्या खोलीला काय खिडकी नाही?"

"कपाटात ठेवू, आई."

"तुझे बाबा काय म्हणायचे? काच कोंडली की आंधळी होते."

"मी घेऊन जाते माझ्याकडे."

"तुझ्या त्या दोन खोल्यांत सकाळी इकडून ऊन, संध्याकाळी तिकडून. घर पेटवायचंय का?"

आईची नजर अधू होत चालली होती, वर्तमानपत्र नाकाला लावून वाचायची. बापाची आठवण जपायची म्हणून आईला अंधारात बसवायचं, हे काही लेकीच्या मनाला पटेना. तिने भिंगकाकांना निरोप धाडला.

भिंगकाका म्हणजे बाबांचे जुने मित्र. घड्याळं दुरुस्त करता करता डोळ्याचं भिंग त्यांना असं चिकटलं होतं की जेवतानाही काढायला विसरायचे. त्यांच्याकडे स्वतःचे पुष्कळ पेपरवेट होते आणि काचेची, आतून दिवा असलेली कपाटं होती. ते दोन खोकी आणि फ्लॅनेलचे तुकडे घेऊन आले.

"वहिनी, अजून विचार करा. आमच्या घरी हे ध्यान आणखी आलं तर ही माझ्याशी दोन महिने बोलणार नाही. म्हणजे माझा फायदाच आहे म्हणा."

"न्या हो, भावजी," आई म्हणाली. ती हसली नाही.

काकांनी पहिला गोळा उपडा केला आणि बुडाची कड लेकीला दाखवली. कड धुरकट होती, बारीक ओरखड्यांनी भरलेली.

"ठेवून-उचलून, ठेवून-उचलून झिजलीय."

"बाबांनी झिजवली?"

"थोडी त्याने. बाकी त्याच्या आधी ज्यांच्याकडे होता त्यांनी. आपण सगळे मधलेच गं."

ती एकेक गोळा हातात देत गेली, नाव सांगत गेली. काका फडक्यात गुंडाळत गेले. दवबाईपाशी तिचा हात थांबला. जड, गार गोळा. हातात धरला की क्षणभराने हाताइतकाच ऊबदार व्हायचा.

"एखादा राहू दे," काका हळूच म्हणाले.

"एक राहिला तरी पडदा राहणार," आई म्हणाली. "सगळे न्या."

काका गेल्यावर लेक स्टुलावर चढली आणि पडद्याच्या कड्या दांडीवरून एकेक काढल्या. पडदा धपकन खाली आला, कैक वर्षांची धूळ उठली. धूळ खाली बसल्यावर लेकीने काचेतून पाहिलं.

समोर भिंत होती. हात लांबवला तर टेकेल इतकी जवळ. करड्या सिमेंटची, वरपासून खालपर्यंत गेलेल्या एका पाइपाची. विहिरीच्या तळाशी असावा तसला उजेड तिच्यावरून खाली सांडत होता. मागे कधीतरी फोनवर ठोकाठोक ऐकू यायची तेव्हा "बांधकाम चाललंय" एवढंच आई म्हणाली होती. लेक यायची ती पुढच्या रस्त्याने, यायची तेही पाहुण्यासारखी.

"ही कधी झाली?"

"झाली की बरीच वर्षं. ऊन तेव्हाच संपलं."

"बाबांना माहीत होतं?"

"होतं. नंतर विसरले. रोज उठून पडदा ओढायचे, कडेला फट राहू न देता. मी कशाला सांगायला जाऊ?"

"अगं, पण मला तरी! ऊनच येत नाही, तर गोळे इथेच राहिले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

लेक स्टुलावरच बसली. आईने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. धुळीत गोळ्यांच्या बुडांची स्वच्छ वर्तुळं राहिली होती. ती तिने पुसून टाकली.

"तू म्हणायचीस, थोडं विसरतात," लेक म्हणाली.

"तुला लांबून काय करता आलं असतं?" आईचा आवाज चढला नाही. "शेवटच्या वर्षी मला ‘अहो बाई’ म्हणायचे. अहो बाई, पाणी देता का. अहो बाई, उशीर झाला, तुमच्या घरचे वाट बघत असतील. मी म्हणायची, जाते हं. नि स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आणि त्या गोळ्यांना मांडीवर घेऊन एकेकाला नावानं हाक मारायचे. एक नाव चुकलं नाही, गं. एकसुद्धा नाही."

"आणि मला?" लेकीने विचारलं.

"तुला ओळखायचे," आई म्हणाली. फार पटकन म्हणाली.

भिंतीवरच्या पाइपातून वरच्या कुणाच्या तरी घरचं पाणी खळखळत खाली गेलं. लेकीने पुन्हा विचारलं नाही.