चेहऱ्यासकट

"पण या का हसतायत?" संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

टेबलावर पुस्तकाची डमी उघडी पडली होती. सहा वर्षांत काढलेले फोटो फोटोवालीनं एकेक करून त्यात चिकटवले होते. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या बायका. कुणी वाफेत अर्धी बुडालेली, कुणी ओल्या चादरींचा पिळा खांद्यावर टाकून निघालेली. आणि खरंच, पानोपानी हसणाऱ्या.

"त्या हसायच्याच," ती म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं."

"तसं नव्हे हो. पुस्तक कशाचं आहे? जन्मभर राबलेल्या बायकांना एका दिवसात घरी बसवलं, काम कंत्राटदाराला दिलं, धुलाईखान्याला कुलूप ठोकलं, त्याचं. वाचक दुकानात उभ्या उभ्या पानं उलटतो. त्याला हसू दिसलं की तो म्हणतो, चला, बरं चाललंय यांचं. आणि पुस्तक खाली ठेवतो."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी काढलेली फोटोंची पुस्तकं तिनं बघून बघून पाठ केली होती. म्हणूनच तर डमी घेऊन ती आधी इथे आली होती. संपादकांनी आणखी दोन पानं उलटली आणि ते थांबले. त्या पानावर धुलाईखान्यात जिला सगळ्या भोंगा म्हणायच्या, ती होती. उजवा हात कॅमेऱ्यासमोर उंच धरलेला, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून आकसलेली, चकाकणारी. आणि हाताच्या मागे तिचा चेहरा, तोंड उघडं, डोळे मिटलेले, हसून हसून बेजार.

संपादकांनी एक कोरा कागद घेतला आणि चेहरा झाकला.

"हे तुमचं मुखपृष्ठ. नुसता हात. एवढं करा आणि ती बाकीची हसणारी पानं काढा. पुस्तक आम्ही छापतो."

चेहरा झाकल्यावर तो हात खरोखरच भयंकर दिसत होता. मुखपृष्ठ म्हणून बघितलं तर नजर हलत नव्हती.

एरवी फोटोवालीचं काम म्हणजे दिवसभर लोकांना हसू नका म्हणून सांगणं. मोठ्या भावाबरोबर ती छोटा स्टुडिओ चालवायची. परवान्याचे फोटो, पासपोर्टचे फोटो. हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका. हॉस्पिटलनं ओळखपत्रांसाठी तिला बोलावलं तेव्हा तिनं धुलाईखान्याच्या भिंतीला पांढरा पडदा लावून हेच सांगायला सुरुवात केली होती. भोंगा समोर बसली की हसायची. चार वेळा काढला, चारही वेळा फोटो फुकट. यंत्रांच्या खडखडाटावरून पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज, म्हणून ते नाव. हॉस्पिटलचे साहेब दोनदा येऊन दम देऊन गेले होते, वॉर्डापर्यंत आवाज येतो, हसणं आवरा. ती आवरायची नाही. पाचव्या फोटोवर ओळखपत्र कसंबसं झालं, आणि पुढच्या सुट्टीला फोटोवाली स्वतःचा कॅमेरा घेऊन परत गेली. मग जातच राहिली.

मधल्या एका वर्षी चादरी दाबणाऱ्या तापलेल्या रुळात भोंगाचा हात ओढला गेला. दोन महिन्यांनी ती कामावर आली ती हात नाचवतच. "काढ गं फोटो! आता याच्यावर घड्याळ चढत नाही. साहेबांना म्हटलं, उशीर झाला तर मला कळणारच नाही!" आणि सगळा धुलाईखाना हसला. तो हा फोटो.

घरी आल्यावर दादानं सगळं ऐकून घेतलं.

"मग अडलंय कुठं? एवढं मोठं नाव. हो म्हणून टाक."

"चेहरा कापायचा म्हणतात, दादा."

"अगं, तू रोज दहा जणांचे खांदे कापतेस. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस."

रात्रभर कूस बदलून सकाळी तिनं डमी पिशवीत घातली आणि ती भोंगाकडे गेली. भोंगा दारात बसून डाव्या हातानं नातवाच्या शर्टाचं बटण लावत होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना अजून सुई पेलत नव्हती.

"या फोटोवाल्या बाई! झालं का आमचं पुस्तक?"

फोटोवालीनं डमी उघडली आणि चेहऱ्यावर तळहात ठेवला. "मावशी, हा असा छापायचा म्हणतायत."

भोंगानं वाकून पाहिलं. "कुणाचा गं हा?"

"तुमचाच की."

"माझा?" ती जरा वेळ बघत राहिली. "ओळखूच येईना. डॉक्टर पण असंच बघायचे. नुसता हात. दुखतंय का हे मला नाही, नर्सला विचारायचे. दुखतंय का हिला?"

फोटोवालीनं तळहात उचलला. भोंगा आपल्याच हसऱ्या तोंडाकडे बघून खुदकली आणि पुन्हा सुईकडे वळली.

"पण तुझं पुस्तक अडत असेल तर काप बाई. तू इतकी वर्षं पायपीट केलीस. हात रुळानं नेला, तोंड तू ने."

एवढं बोलून ती हसली. पण ते हसू शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसतं.

त्याच दुपारी फोटोवाली प्रकाशनाच्या पायऱ्या चढली.

"कापणार नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "आणि एकही पान काढणार नाही."

संपादकांनी खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"शांतपणे विचार करा," ते म्हणाले. "मी तुमच्या बायकांच्या बाजूनंच बोलतोय. असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो."

"म्हणूनच. ती हसते म्हणून तिचं बरं चाललंय असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी मी तिचं तोंड का झाकू? तिच्या साहेबांनी पण तिला हेच सांगितलं होतं. हसू नको. तिनं त्यांचं ऐकलं नाही, आणि आता मी तुमचं ऐकू?"

"मग पुस्तक कुणासाठी करताय?"

तिनं डमी उचलली, छातीशी धरली आणि ती निघाली. जिन्यात एका पायरीवर ती टेकली. सहा वर्षांवर पाणी सोडून आलो की काय, असं मनात आलं. पण परत वर जावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

स्टुडिओत दादा गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करत होता. तिच्या काखेतली डमी त्यानं पाहिली.

"झालं समाधान?"

"झालं."

दुसऱ्या दिवशी शटर उघडता उघडता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "औषधांची खोकी छापणारा एक जण आहे माझ्या ओळखीचा. तिरसट आहे. पण काळा रंग झकास उतरवतो. तू फक्त पुस्तकाचं बघ, बाकीचं मी बघतो."

छापखानेवाला तिरसट होताच. पहिला कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा भोंगाचा चेहरा शाईत बुडून डांबराचा गोळा झाला होता. हात तेवढा लखलखीत.

"थांबवा," फोटोवाली म्हणाली.

"बाई, एकदा मशीन लागलं की थांबवत नाही कुणी. खोक्यावर इतकं बारीक कोण बघतं?"

"हे खोकं नाही. मशीन थांबवा. हिचे दात दिसले पाहिजेत."

छापखानेवाल्यानं दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "ती म्हणते तसं करा. मी तिच्याशी घरी पण जिंकत नाही."

प्लेट पुन्हा बनवावी लागली. शाई कमी केली, पुन्हा कागद सोडला, पुन्हा थांबवलं. संध्याकाळ कलली तेव्हा एक कागद असा आला की छापखानेवालाच तो उजेडात धरून बघत राहिला. "ही बाई कशाला हसतेय एवढी?" त्यानं विचारलं, आणि त्याचंही तोंड नकळत पसरलं.

पुस्तक आल्याचं हॉस्पिटलात कळायला वेळ लागला नाही. साहेबांनी फर्मान काढलं, हे पुस्तक आवारात आणायचं नाही. भोंगाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आवार त्यांचं. रस्ता तर त्यांचा नाही?"

सकाळची पाळी सुटायच्या जरा आधी धुलाईखान्यातल्या सात जणी फाटकासमोर येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात एकेक पुस्तक. फोटोवाली मागे उभी होती. या वेळी तिनं कॅमेरा आणला नव्हता.

फाटकावरचा रखवालदार जुना. चादर चोरून नेत नाहीत ना म्हणून कैक वर्षं रोज संध्याकाळी याच बायकांच्या पिशव्या उघडून बघायचं काम त्याच्याकडे होतं. तो पुढे आला.

"पुस्तक आत न्यायचं नाही. ऑर्डर आहे."

"आत कोण चाललंय?" भोंगा म्हणाली, ते अशा आवाजात की वरच्या मजल्यावर दोन खिडक्या उघडल्या. "आम्ही बाहेर उभ्या आहोत. नर्सबाई सुटतील, ज्यांना बघायचंय त्या बघतील. बाहेरची ऑर्डर आहे का तुला?"

रखवालदारानं मान खाजवली. "बाहेरचं काही सांगितलेलं नाही मला."

तो आपल्या चौकीत गेला. आता फोन करणार, असं फोटोवालीला वाटलं. पण तो हातात स्वतःचं लाकडी स्टूल घेऊन आला आणि त्यानं ते फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवलं.

"बसा मावशी. पाळी सुटायला वेळ आहे अजून."

भोंगा बसली नाही. तिनं पदरानं स्टूल पुसलं, पुस्तक उघडून त्यावर ठेवलं, आणि स्वतः शेजारी ताठ उभी राहिली.