नानांच्या नावाची रांग

लोणखेड्याच्या शिवारात शेतीची वीज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्यांच्यावर बसवलेली खोकीही एकदम बोलू लागतात. ‘चालू’, ‘बंद’, ‘पाणी खाली गेले’ असे निरोप क्लाउडमध्ये, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या शहरातील भाड्याच्या संगणकांकडे जातात. तेथे माझी सून चेतना हिचा प्रोग्रॅम ते वाचतो आणि विहीर कोरडी पडू लागली तर मोटार थांबवतो. गेल्या आठवड्यात त्याचा आदेश उशिरा आला आणि आमच्या शेजारच्या झिपरूची मोटार जळाली. आणखी एक जळाली तर खोकी काढून टाकायची, असे गावाने ठरवले. चेतनाने हे काम नोकरी सोडून उभे केले होते.

मी विद्युत शाखेचा पदविकाधारक. भार वाढला की तो वाटून द्यावा, एवढे मला कळते. चेतनाने तेच केले होते. दोनाऐवजी आठ संगणक लावले होते. तरी दुपारी वीज आली तेव्हा पडद्यावर एकच संगणक निरोपांखाली दबलेला आणि बाकीचे रिकामे. मला काही केल्या उलगडा होईना.

“नाना, सात जन नुसता बशी ऱ्हायनात,” चेतना रडकुंडीला आली होती.

“आम्हना गावनाच दिसतस,” ओट्यावरून झिपरू म्हणाला. “एक राबस, बाकीना बिड्या पेतस.”

मी विचारले, “कोनता निरोप कोनाकडे जास, हाई कोन ठरावस?”

“मालकनं नाव. एका नावना निरोप एकाच रांगमा. नही तं ‘बंद’ आधी आनि ‘चालू’ नंतर वाचाई जाई.”

“मग झिपरूनं नाव कोनती रांगमा शे?”

झिपरू हसू लागला. “मन्हं नाव कुठे शे? खोकं बसाडतांना जबाबदार मानूसनं नाव इचारं. वीजनं काम म्हनजे नाना! समदासनी तुम्हनंच नाव सांगं.”

साऱ्या शिवाराच्या मोटारी माझ्या एका नावाखाली उभ्या होत्या. संगणक कितीही लावले तरी रांग एकच आणि ती वाचणारा संगणकही एकच. चेतनाने लगेच नावाऐवजी मोटारीचा क्रमांक घालायला घेतला.

तेही मला पटेना, पण का ते सांगता येईना. अखेर झिपरूकडे पाहून सुचले. त्याची आणि त्याचा भाऊ ललित याची विहीर एक, मोटारी दोन. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. रांगा वेगळ्या केल्या तर ललितचे ‘चालू’ झिपरूच्या ‘बंद’च्या आधी वाचले जायचे आणि दोन्ही मोटारी एकदम पाणी उपसत आहेत, असा समज होऊन प्रोग्रॅम चालू मोटार विनाकारण थांबवायचा.

“मोटारनं नही, चेतना. विहीरनं नाव दे.”

दुसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा मी झिपरूच्या बांधावर होतो. विहिरीचा तळ दिसू लागला, तशी त्याची नवी मोटार आपोआप थांबली. मी हात लावला. कोमट होती, जळका वास नव्हता.

मी चेतनाला फोन केला. “कोनता संगणकनी थांबाडी?”

“कोनास ठाऊक, नाना. आठमाईन कोन्ही तरी.”

झिपरू पाइप गुंडाळून घरी निघाला. रांगेतून माझे नाव निघाले होते, पण जबाबदार माणूस म्हणून गावाने सांगितलेले नाव माझेच होते; मी मात्र तारेमागून तार तपासत मोटारीपाशी बराच वेळ उभा राहिलो.