गंजगोलाईचे लाल ठिपके

समीक्षाच्या वडिलांना, लिंबाजींना, जाऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या लोखंडी पेटीतून तिने आतापर्यंत फक्त नकाशे बाहेर काढले होते. चष्मा आणि पानाचा डबा तिथंच होता. लातूरच्या जुन्या वस्तीचे ते सतरा नकाशे. तेहतीस वर्षं कचेरीत नकाशे काढून घरी आल्यावर लिंबाजींनी हे स्वतःच्या हौसेने केलेले.

समीक्षा नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. संगणकाची चिप तयार होण्याआधीच तिच्यातला सिग्नल या टोकापासून त्या टोकाला किती वेळात पोचेल, हे सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. तारेच्या जागी गल्ली धरली आणि सिग्नलच्या जागी रुग्णवाहिका, तर हाच हिशेब गावालाही लागू पडेल, असं तिला वाटलं. तिने बाबांचे नकाशे स्कॅन केले, रेषांचे रस्ते करून त्यांच्या लांबीसह संगणकात भरले आणि लातूरच्या एका रुग्णवाहिका केंद्राला दाखवले. बाबांचं काम गावाच्या उपयोगी पडावं, एवढीच तिची इच्छा होती.

पहिल्याच चाचणीत फजिती झाली. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतून दवाखान्यापर्यंत चार मिनिटं, असं प्रोग्राम म्हणाला. गाडीला लागली नऊ.

"मॅडम, तुमचं गणित विमानाचं दिसतंय," केंद्राचे प्रमुख शिवमूर्ती म्हणाले. "आमची गाडी जमिनीवरून जाते." मग जरा नरमून म्हणाले, "शुक्रवारी आणखी एकदा बघू. न्हाई जमलं तर उपग्रहाच्या फोटोवरून नवा नकाशा करून घेतो. हे कागद घरी ठेवा, वडिलांची आठवण म्हणून."

समीक्षाने नकाशे गुंडाळले. आठवणीसाठी बाबांचा फोटो होता की भिंतीवर.

लातूरच्या घरी येऊन तिने मूळ नकाशा आणि संगणकातून छापलेली प्रत शेजारी शेजारी पसरली. आई, भामाबाई, मेथी निवडत बसली होती. तिने मान वाकडी करून पाहिलं.

"यातले ठिपके कुठं गेले गं?"

"पानाचे डाग होते आई. लाल दिसेल ते पुसायला सांगितलं मी प्रोग्रामला."

भामाबाई हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

"अगं माय, कागदाजवळ त्यांनी कधी पान तोंडात घेतलं न्हाई. दाराबाहेर जाऊन खायचे. ते माझे ठिपके हायेत."

"तुझे?"

"मी त्यांच्या सायकलीच्या कॅरेजवर बसायची. गल्ली लागली की घड्याळाच्या ठेक्यात आकडे मोजायला सुरुवात. वीस झाले की म्हणायची 'एक', पुन्हा वीस झाले की 'दोन'. घरी आलं की ते तेवढे ठिपके द्यायचे गल्लीवर." मेथीची जुडी तशीच हातात राहिली. "म्हणायचे, दोन गल्ल्या सारख्याच लांब, पण एकीत सायकल पळते आन् दुसरीत पाय टेकावे लागतात. हे नकाशात दिसाय नको का? कचेरीत दाखवलं, तर साहेब म्हणला, लिंबाजी, नकाशा काढायलास की पंचांग!"

"आणि लोक काय म्हणायचे, तू अशी मोजत जाताना?"

"म्हणायचे, बाई जप करती."

समीक्षाने भिंग घेतलं. ठिपके एकसारखे होते, निबाच्या टोकाने दिलेले, ओळीत. डाग असे ओळीत पडत नाहीत, हे तिला इतके दिवस दिसलं नव्हतं. ज्या गल्लीत गाडीला नऊ मिनिटं लागली, तिच्यावर सत्तावीस ठिपके होते. शेजारून वळसा घालून जाणारा रस्ता लांबीने जवळजवळ दीडपट, पण त्यावर अठराच.

प्रत्येक तारेवर तिचा स्वतःचा विलंब लिहायचा, मग वाट शोधायची. समीक्षाने वर्गात मुलांना शंभरदा सांगितलेली ही पद्धत. बाबांनी ती टाकाच्या निबाने केली होती, आईला मागं बसवून.

प्रोग्राममधली लाल पुसणारी ती एक ओळ तिने काढून टाकली. काळ बदलला होता, सायकलीच्या जागी गाडी आली होती. म्हणून ठिपक्याची किंमत तिने फसलेल्या चाचणीवरूनच ठरवली. सत्तावीस ठिपक्यांना नऊ मिनिटं, म्हणजे एकाला वीस सेकंद. आईचा आकडा अजूनही तोच होता.

शुक्रवारी प्रोग्रामने लांबचा रस्ता दाखवला आणि सहा मिनिटं सांगितली. "उलटं कुठं निघालाव?" असं म्हणत ड्रायव्हरने गाडी काढली. भर बाजाराची वेळ. सहा मिनिटं दहा सेकंदांनी दवाखान्याच्या फाटकातून त्याचा फोन आला.

शिवमूर्तींनी घड्याळ पाहिलं, मग मूळ नकाशा पुढ्यात ओढला.

"बाकीचे सोळा कधी देता, मॅडम?"

त्या संध्याकाळी समीक्षाने नव्या नकाशाचा उजवा कोपरा भरायला घेतला. कुठल्याही नकाशाच्या कोपऱ्यात असतात तशी तिथं तीन नावं लागत होती. तिने टाइप केलं आणि आईला वाचून दाखवलं.

"मोजणी, भामाबाई. आरेखन, लिंबाजी. तपासणी, समीक्षा."

"माझं कशाला गं? मी नुसती मागं बसायची."

"राहू दे आई," समीक्षा म्हणाली. आईचं नाव तिने आणखी जरा ठळक केलं.