चिनी शिकलेले मचाण

मित्रांनो, मी राळेगावकडच्या एका तुरीच्या शेतात उभे असलेले म्हातारे मचाण आहे आणि मला मध्यम पातळीची चिनी भाषा समजते. फुशारकी मारत नाही. चारही पाय जमिनीत पुरलेले असले की कानावर पडेल ते शिकावेच लागते.

उकंडाने बाभळीचे खांब आणि मोडक्या खाटेचे लाकूड जोडून मला उभे केले. माझ्यावर बसून त्याने वर्षानुवर्षे जागल केली, रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरे हाकलली. लोक म्हणत, "उकंड्याचं मचाण म्हणजे सिंहासन!" पुढे कुंपणाला जनावरांना विजेचा धक्का देणारी झटका मशीन बसली आणि सिंहासनावर होले पक्षी बसू लागले. त्यांनी माझे काय केले, ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

यंदा मात्र उकंडाची मुलगी उर्वशी वर चढली. ती विद्यापीठात चिनी भाषेच्या दुसऱ्या वर्षाला होती. तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली, कारण ती इतकी हळू बोलली की परीक्षा घेणाऱ्या बाईंना नुसता पंखा ऐकू आला. आता फेरपरीक्षा फोनवर होती. तीही हुकली तर तिसरे वर्ष नाही. आणि फोनला रेंज फक्त माझ्या डोक्यावर!

भीड मोडावी म्हणून ती धडे ओरडून म्हणू लागली. एका धड्यात घरमालक भाडेकरूला हाकलतो, "छू-छ्यू!" म्हणजे बाहेर व्हा. पहिला सूर सपाट, पुढचा धाडकन खाली.

पहिल्याच दिवशी शेजारच्या शेतातून धरमसिंग काठी घेऊन पळत आला.

"काय हाय वं उर्वशी? डुक्कर?"

"नाही काका, परीक्षेची तयारी करून राह्यली."

"मंग असं सांग ना! पण हाक आली त आमाले ओ द्याच लागते. जागलीचा कायदा हाय."

कायदा खरा आहे. एका शेतातून हाक आली की शेजाऱ्याने तीच पुढे द्यायची. म्हणून उर्वशी ओरडली की धरमसिंग ओरडे, आणि त्याच्या पलीकडून कांताबाई. भाडेकरू बिचारा रोज तीन शेतांतून हाकलला जाई.

परीक्षेच्या दिवशी झटका मशीन नेमकी दुरुस्तीला गेलेली. बाईंनी फोनवर बजावले, "चिनी सोडून एक शब्द जरी बोललीस, तर परीक्षा तिथेच संपली." उर्वशी उत्तरे देऊ लागली. तेवढ्यात रोह्यांचा कळप तुरीत घुसला. खाली उकंडा नुसतेच हातवारे करत होता. आपले मराठी बाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याने तोंडात रुमाल कोंबला होता.

इकडे तूर, तिकडे तिसरे वर्ष. उर्वशी उठून उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "छू-छ्यू!"

रोही थबकले. त्यांचे चिनी कच्चे असावे. पण लगेच धरमसिंगने ओ दिली, "छू-छ्यू!" मग कांताबाईने. दोन्हीकडून भाषा अंगावर आल्यावर कळप नाल्याकडे सुसाट सुटला.

हा सगळा गोंधळ फोनवर ऐकू गेला होता. मग बाईंनी चिनीतच विचारले, "तिथे किती जणांना चिनी येते?"

"आमच्या शिवारात सगळ्यांना," उर्वशी चिनीतच म्हणाली.

बाई हसल्या. "पास. आवाज जरा कमी केलास तरी चालेल."

उर्वशीने फोन बंद केला. उकंडाने रुमाल काढला.

"झाली का वं?"

"झाली बाबा!"

"मंग लवकर सांगाव ना! श्वास कोंडून राह्यला माहा!"

त्याने असा सुस्कारा सोडला, की माझ्यावरचे गवत हलले. मीही सोडला असता, पण भीती वाटली. आनंदाने उकंडा, धरमसिंग आणि कांताबाई असे तिघेही माझ्यावर चढले होते आणि माझा डावा पाय करकरत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या लाकडाला वर्षातून एकदा तरी गाडीचे जळके ऑइल लावत जा, वाळवी दूर राहते. आणि जवळपास कोणी अडखळत नवी भाषा बोलू लागले, तर हसू नका. अर्थ कळो न कळो, मोठ्याने ओ द्या.