दहा मिनिटांसाठी काढलेली ताटी

२००४ च्या ऑगस्टमध्ये प्रफुल शेंडे गावी आला तेव्हा त्याच्याबरोबर पाच मायक्रोफोन, केबलची तीन मोठी भेंडोळी आणि मोटारीच्या दोन बॅटऱ्या होत्या. गोंडपिपरीपासून अकरा किलोमीटरवरच्या त्या गावात हे सामान आणायला त्याने जीप केली होती. जीप थांबली तेव्हा लोकांना वाटलं, निवडणूक आली.

प्रफुल मुंबईत परदेशी ध्वनियंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत ध्वनिमुद्रक होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथल्या एका हॉटेलात ध्वनियंत्रांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक कंपनीला एक बंद खोली मिळायची. तीन स्पीकर पुढे, दोन मागे. मधल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण खोलीत नसून दुसरीकडेच आहोत असं वाटलं पाहिजे. इतर कंपन्या विमानं आणि वादळं ऐकवत. प्रफुल मालकांना म्हणाला होता, "आमच्याकडे तलावात काठ्यांनी पाणी बडवून मासे जाळ्याकडे हाकतात. हाका म्हणतात त्याला. मधोमध उभं राहिलं की चारही बाजूंनी पाणी वाजतं. हे कुणाकडेच नसेल."

मालक म्हणाले, "घेऊन ये. जमलं तर नवा स्टुडिओ तुझ्या ताब्यात."

गावात ढिवरांची एकतीस घरं. तलावातली मासळी त्यांच्या सोसायटीची, आणि सोसायटीचा म्होरक्या प्रफुलचा बाप मुखरू. रीत ठरलेली होती. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तलावात सोडली की दिवाळीपर्यंत जाळं टाकायचं नाही. तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की पिल्लं वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी बांबूची ताटी बांधायची, आणि रोज एका घरच्या माणसाने पाळीपाळीने तिथे राखणीला बसायचं. ज्याच्या पाळीत ताटी सुटेल त्याला त्या वर्षी मासळीत हिस्सा नाही. शिवाय सांडवा आटेपर्यंत सगळी राखण त्याच्याच गळ्यात.

"हाका श्रावणात नसते घालत गा," मुखरू म्हणाला. "बोटुकली सोडून आठच दिवस झाले."

"जाळं नाई टाकाचं बाबा. नुसतं पाणी बडवाचं. पाच मिनिटं."

"मासोळी भेली तर?"

"भेऊन जाईल कुठी?"

मुखरूने थोडा विचार केला. "ताटी आहे म्हना. होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ माणसं कंबरभर पाण्यात अर्धगोल करून उभी राहिली. हातात बांबूच्या काठ्या. कोलू नावाचा एक जण म्हणाला, "प्रफुल, आमाले टीव्हीत दाखवशीन का?"

"दिसणार नाई, कोलूभाऊ. ऐकू येणार."

"मंग मी काऊन दाढी केली बे?"

सगळे हसले. प्रफुल तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, छत्रीखाली यंत्र घेऊन बसला. कानाला हेडफोन लावून तो एकेक मायक्रोफोन तपासू लागला. पहिले तीन स्वच्छ होते. चौथा, मागच्या उजव्या बाजूचा, त्याने सांडव्याजवळ लावला होता. हाक्याच्या पाठीमागे पडतं पाणी असलं म्हणजे जागेची खोली कळते, असा त्याचा हिशेब. पण त्यात पाण्याऐवजी खडखड येत होती. धारेने ताटी हलत होती आणि बांबूवर बांबू आपटत होता.

तो उठून सांडव्यावर गेला. त्या दिवशी राखण सोमाजीची होती. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. प्रफुलला पोहायला त्यानेच शिकवलं होतं.

"सोमाजीभाऊ, ताटी वाजून राह्यली. दहा मिनिटं काढता का?"

"काढू?"

"दहाच मिनिटं. आन् तुमी हाक्यात जा, तिकडे एक माणूस कमी आहे."

सोमाजीने एकदा ताटीकडे पाहिलं, एकदा प्रफुलकडे. मग दोर सोडून ताटी उचलली, काठावर आडवी ठेवली आणि तो तलावात उतरला.

हाका सुरू झाला. प्रफुलने इतका चांगला आवाज कधी मुद्रित केला नव्हता. दहा काठ्या पाण्यावर पडत होत्या आणि प्रत्येकीची जागा वेगळी ओळखू येत होती. दोन मिनिटं झाल्यावर त्याने फक्त चौथा मायक्रोफोन ऐकायचं बटण दाबलं. पाणी दगडावरून स्वच्छ पडत होतं. त्यातच दुसरा एक आवाज सुरू झाला. बारीक, दाट, तापल्या कढईत मूठभर मोहरी टाकावी तसा.

तो तलावाकाठी वाढलेला होता. आवाज कशाचा हे कळायला त्याला सेकंदही लागला नाही. हाक्याला भिऊन पिल्लं सांडव्याकडे धावली होती आणि दगडावर आपटत नाल्यात पडत होती.

ओरडला असता तर दहाही माणसं थांबली असती. पण ते ओरडणं पाचही मायक्रोफोनमध्ये आलं असतं, आणि माणसं पुन्हा इतक्या जोराने पाणी बडवतील याचा भरवसा नव्हता. मोजणीवर आणखी दोन मिनिटं चाळीस सेकंद होती. ती संपेपर्यंत तो छत्रीखाली बसून राहिला. आवाज शेवटपर्यंत चालू होता.

मग तो स्वतः धावत गेला आणि त्याने ताटी बसवली. सोमाजी ओल्या अंगाने मागून आला.

"झालं का काम?"

"झालं," प्रफुल म्हणाला.

मुंबईला परतल्यावर त्याने चौथ्या मायक्रोफोनमधून तो आवाज काढून टाकायचा प्रयत्न केला. दोन दिवस त्यात गेले. यंत्र इतकं बारीक टिपणारं होतं की पिल्लांचा आवाज खाली केला की पाणीही मेल्यासारखं वाटे. तिसऱ्या दिवशी मालक स्टुडिओत आले, मधल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"मागे उजवीकडे काय आहे ते? चमचमतंय."

"पाणी आहे, सर. दगडावरून पडतंय. थोडं कमी करतो."

"हात लावू नकोस. माल त्याच्यावरच विकला जाणार."

त्याच आठवड्यात गोंडपिपरीच्या एसटीडी बूथवरून मुखरूचा फोन आला.

"प्रफुल, नाल्याच्या खालच्या गावात पोट्टे टोपल्यानं बोटुकली धरून राह्यले. आपल्या तलावात जाळी टाकून पाह्यली. काईच नाई गा. सोमाजीची पाळी होती. तो म्हनते, ताटी तू काढाले सांगतलं."

प्रफुलने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हनलं, माहा पोरगा तलावातला आहे, तो असं सांगंल का? तरी इचारतो. सांगतलं होतं का?"

"नाई बाबा. मी त्यांले हाक्यात जा म्हणलो."

दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं नव्हतं.

"तेच म्हनलं मी," मुखरू म्हणाला. त्याच्या आवाजातला ताण गेल्याचं फोनवरही कळलं.

प्रदर्शन तीन दिवस चाललं. प्रफुलची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दर अर्ध्या तासाला बारा माणसं आत यायची, दिवे मंद व्हायचे, हाका सुरू व्हायचा. बाहेर रांग लागली. पहिल्या दिवशी एका मासिकाच्या समीक्षकाने हात वर करून विचारलं, "फक्त मागचा उजवा स्पीकर ऐकवाल?"

मालकांनी मान हलवली. प्रफुलने बाकीचे चार बंद केले. खोलीत फक्त सांडवा उरला, आणि ती मोहरी.

"वा," समीक्षक म्हणाला. "एकेक थेंब मोजता येतो."

त्यानंतर प्रत्येक खेळात तो तुकडा वेगळा ऐकवायचा असं ठरलं. थेंब मोजता येतात हे वाक्य मालकांनी फलकावर लिहून दाराबाहेर लावलं. प्रफुल प्रत्येक वेळी बटण दाबून भिंतीकडे बघत उभा राही. ते थेंब नव्हते, आणि हे त्या इमारतीत फक्त त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गावी निरोप धाडून बापाला बूथवर बोलावून घेतलं.

"सोमाजीभाऊचं काय झालं?"

"का होईल? रीत ते रीत. हिस्सा गेला. राखणीले बसून आहे रोज. त्याची अंजनाबाई निंदणाच्या मजुरीले गेली गोंडपिपरीकडे. एक-दोघं म्हनत होते, सोमाजी खोटं बोलनारा नाई. मी उभा राहून सांगतलं, माह्या पोराची जबान आहे. मंग सगळे चूप झाले."

प्रफुलने फोन ठेवला. पुढच्या खेळाला बारा माणसं उभी होती. त्याने तो खेळ केला. उरलेलेही केले. प्रदर्शन संपल्यावर मालकांनी स्टुडिओची किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याने मागितली तेवढी सुट्टी दिली.

रविवारी सकाळी गावच्या समाजमंदिरात सोसायटीची बैठक होती. प्रफुल सतरंजीवर बसला नाही. उभ्यानेच बोलला. ताटी मी काढायला सांगितली, तो म्हणाला. पिल्लं पडताना ऐकली. आवाज बिघडेल म्हणून थांबवलं नाही. फोनवर बाबांशी खोटं बोललो.

सगळं सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

कोलू म्हणाला, "ऐकू येत होतं तुले?"

"हो."

"आमी पान्यात होतो. आमाले काईच ऐकू नाई आलं. आन् तू ऐकत बसला?"

प्रफुल सोमाजीकडे वळला. सोमाजी भिंतीला टेकून चुन्याची डबी उघडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"मी पुरं सांगतलं होतं," तो एवढंच म्हणाला. प्रफुलला नाही, मुखरूला.

मुखरू उठला. त्याला गुडघ्यामुळे भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"सोमाजीचा हिस्सा त्याले द्या," तो म्हणाला. "माह्या घराचा बंद. राखण आता माही."

"बाबा, राखण मी करतो," प्रफुल म्हणाला.

"सुट्टी किती दिवसाची आहे?"

"चार."

"मंग चार दिवस कर."

कोणी हसलं नाही.

प्रफुल चार दिवस सांडव्यावर बसला. सकाळी धानाकडे जाणाऱ्या बाया पाळीवरून जात, संध्याकाळी परतत. जेवणाचा डबा माय आणून ठेवी आणि आदल्या वेळचा रिकामा डबा घेऊन निघून जाई. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, नाला चढला, ताटी दोनदा सैल झाली आणि त्याने ती पुन्हा बांधली. आत राखायला फारसं काही उरलेलं नव्हतं. तरीही बांधली.

तिसऱ्या दिवशी सोमाजीची बायको अंजनाबाई मजुरीहून परतली. डोक्यावर गाठोडं होतं. ती त्याच्याजवळ थांबली.

"मुंबईले लोक पैसे देऊन ऐकाले येतात म्हनतात?"

"पैसे नाई घेत, बाई. नुसतं ऐकायचं."

"आवडलं त्याहिले?"

प्रफुलने मान खाली घातली. "आवडलं."

"अस्सं," ती म्हणाली, आणि गाठोडं सावरून पुढे गेली.

पाचव्या दिवशी सकाळी मुखरू पोत्याची खोळ आणि काठी घेऊन आला. धापा टाकत पाळ चढला.

"उठ. गाडी येऊन राह्यली."

"बाबा, मी सुट्टी वाढवून घेतो."

"किती वाढवशीन? सांडवा कार्तिकापर्यंत वाह्यते."

प्रफुल उठला. मुखरूने दगडावरची जागा हाताने झाडली, दुखरा पाय आधी लांब केला आणि मग बसला. ताटीचे दोर एकेक करून ओढून पाहिले. प्रफुलने बांधलेली एक गाठ सोडून त्याने ती पुन्हा बांधली.

चंद्रपूरची बस तलावाच्या बाजूने जाते. प्रफुल दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसला.