एकच डबा

नेमबाजीच्या रेंजवर रायफली सांभाळायचं काम माझं, मालकी थोरल्या भावाची. रायफली दोन प्रकारच्या. दोन्हींची काडतुसं जवळपास सारखीच, पण एकीची गोळी जाड. ती चुकून दुसऱ्या रायफलीत भरली तरी आत बसते, झाडली की बारीक नळीत अडकते आणि रायफल तोंडावर फुटते. म्हणून उरलेली काडतुसं मी लाल आणि निळ्या डब्यांत वेगळी ठेवायचो.

पाहुणे येणार म्हणून दादाने टेबल आवरलं आणि दोन्ही डबे एकात ओतले. मी ओरडलो, तर म्हणाला, "सारखीच तर दिसतात. तुला उगाच बाऊ करायची खोडच आहे!"

मी पाय आपटत निघून गेलो. माझीही अक्कल गहाण पडली होती. तो डबा उचलून न्यायला हवा होता.

तासाभराने त्यातलंच काडतूस माझ्या पुतणीने रायफलीत भरलं.

दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून दादा येईल त्याला तेच सांगत होता, "अहो, सारखीच दिसत होती!"

पुतणीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. ती म्हणाली, "मलाही आता सगळं सारखंच दिसतं, बाबा."